सोबतीचा आकडा

त्या उन्हाळ्यात सगळ्या क्रीडा चॅनेलवाल्यांनी मिळून मावळ सिटीला खुळ्यात काढलं. सीझन संपून खेळाडूंच्या बदल्या सुरू झाल्या की ही मंडळी रोज संध्याकाळी कोट घालून बसतात. कुणी कोण घेतला, कुणी कोण सोडला, कुणाचं बाकडं भक्कम, कुणाचं पोकळ, असं करत एकेका क्लबला गुण देतात. केरळवाल्यांना 'अ' मिळाला, गोव्याला 'ब'. पुण्याच्या मावळ सिटीला थेट 'ड'. का, तर त्यांना स्ट्रायकर हवा होता, मधल्या फळीत माणूस हवा होता, आणि त्यांनी उचलला कोण? कोल्हापूरच्या रंकाळा एफसीचा राखीव गोलकीपर. तोही तिशी ओलांडलेला.

"ज्यानं गेल्या कित्येक सीझनमध्ये एक पूर्ण सामना खेळलेला नाही, त्याच्यासाठी एवढा आटापिटा?" त्यातला एक जण म्हणाला. "बाकड्यावर धूळ बसू नये म्हणून घेतला असेल." बाकीचे खो खो हसले.

तो राखीव कीपर म्हणजे मी, शार्दूल इंगवले. माझी बायको पूर्वा शेजारीच बसली होती. तिनं उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "हसू देत मेल्यांना. सीझन सुरू झाला की बघू." मला तर त्यांच्या नरड्याला हात घालावासा वाटत होता. आज वाटतं, ते हसत होते तेच बरं होतं. निदान त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं.

राखीव कीपरचं जिणं कसलं असतं ते सांगतो. राखीव स्ट्रायकरला शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. पाय दुखला, दम लागला, की माणूस बदलतात. कीपर कुणी बदलत नाही. पहिल्याचं हाड मोडलं तरच दुसऱ्याचं नशीब उघडतं. आणि पहिला जर आपला जिगरी दोस्त असला, तर त्याचं हाड मोडू नये म्हणून नवसही आपणच बोलायचा. आमचा पहिला कीपर कबीर सरनाईक. एकाच पेठेतले, एकाच तालमीत वाढलेलो. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा भारी. काय झेप होती त्याची! नाद करायचा नाही.

पण पठ्ठ्या घाबरट. सामन्याआधी ओकायचा. हात बर्फासारखे गार. मग मी त्याला गोलमध्ये उभा करून चेंडू मारायचो, आधी हळू, मग जोरात, आणि तोंडानं सारखी बडबड. सामना सुरू झाला की बाकड्यावरनं उठून गोलमागं वॉर्मअपच्या नावाखाली येरझाऱ्या घालायच्या आणि तिथनं सांगायचं, "कबऱ्या, सात नंबर डाव्या पायानंच मारणार. उजवीकडं सरक." समोरच्या टीमचा कोण कुठं मारतो हे बघत बसायला मला वेळच वेळ होता. तो मागं वळून बघायचा नाही, नुसता सरकायचा. माझं सांगणं कधी चुकायचंही, पण त्यानं कधी शंका घेतली नाही. आमचं काम असंच चालायचं.

आता त्या आकड्याचं सांगतो, कारण सगळी भानगड तिथनंच सुरू झाली.

काही वर्षांपूर्वी एक खेळाडू भर सामन्यात छाती धरून पडला आणि गेला. त्यानंतर लीगनं सगळ्यांच्या छातीला एकेक चकती चिकटवली. रुपयाएवढी. ती ठोके मोजते आणि घामातलं कॉर्टिसॉल मोजते. कॉर्टिसॉल म्हणजे शरीराची धोक्याची घंटा. माणूस घाबरला, चिडला, की रक्तात वाढतं आणि मागोमाग घामात उतरतं. आकडे आधी फक्त डॉक्टरांपुरते होते. मग टीव्हीवाल्यांनी ते पडद्यावर आणले. पेनल्टी घ्यायला निघालेल्याच्या डोक्यावर त्याचे ठोके दिसायला लागले आणि लोक चेंडूऐवजी आकडाच बघायला लागले.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की एकाच खेळाडूचे आकडे शेजारी कोण उभा आहे त्यावर बदलतात. यात जादूटोणा काही नाही. रडणारं पोर आईनं छातीशी धरलं की गप होतं, तेच हे. मेंदूतनं काळजाकडं एक मज्जातंतू उतरतो, तो ब्रेकचं काम करतो. ओळखीचा आवाज ऐकला, आपल्या माणसाची चाल दिसली, की तो काळजाचा वेग आवरतो. ज्याच्यावर विश्वास नाही असा माणूस जवळ आला की ब्रेक सुटतो. हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. नवीन एवढंच झालं, की लीगमधल्या सगळ्या खेळाडूंचे आकडे आणि मैदानावर कोण कुठं उभा होता याचं चित्रण एका यंत्राला घातलं. यंत्रानं त्यातनं ऊन, दमणूक, स्कोअर, सगळं वजा केलं. मागं उरलं ते एवढंच, की हा माणूस त्या माणसाला किती शांत करतो, किंवा किती बिघडवतो. यंत्राचं नाव ठेवलं 'सोबत'. नाव ठेवणाराला माझा कोपरापासून नमस्कार.

मग काय, विषय खल्लास! एका क्लबनं आपल्या कप्तानाच्या आईला पगारी नोकरीवर ठेवलं आणि प्रत्येक दौऱ्यावर फिरवलं. दुसऱ्यानं एक गुणी मालिशवाला हाकलला, कारण तो खोलीत आला की दोघांचे ठोके वाढायचे. त्याला कारणसुद्धा सांगितलं नाही. बदल्यांच्या बाजारात बाकड्यावरच्या माणसांना अचानक भाव आला, पण त्यांच्या खेळाला नाही.

आमच्या क्लबनं मला बोलावलं ते याच बाबतीत. कोच मगदूम सर टेबलापलीकडं बसले होते. चांगला माणूस, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांत बघत नव्हते.

"शार्दूल, तुझा आकडा अख्ख्या लीगमध्ये एक नंबर हाय," ते म्हणाले. "तू गोलमागं असलास की कबीरचे ठोके असे खाली येतात. त्यानं वाचवलेल्या गोलांतले निम्मे तुझ्या खात्यावर टाकतंय हे यंत्र."

"म्हणजे मला खेळवणार?"

"तसं न्हवं रं. तुझ्याशी लांबचा करार करायचा म्हणतोय क्लब. तू सांगशील तेवढी वर्षं. फक्त..."

"फक्त काय, सर?"

"तू मैदानावर उतरायचं न्हाई. एकसुद्धा सामना न्हाई. तू खेळलास आणि बरा खेळलास, तर कबीरला तुझी भीती वाटंल. मग आकडा पडंल. यंत्र म्हणतंय, तू हाईस तिथंच असलं पायजेस."

मी उठलो. सरावाला सगळ्यांच्या आधी येणारा, सगळ्यांच्या नंतर जाणारा मी. एकदा तरी पहिला कीपर म्हणून गोलमध्ये उभं राहायचं, एवढ्यासाठी गुडघे फोडून घेतले होते. आणि हे म्हणत होते, तू चांगला आहेस कारण तू खेळत नाहीस. घरी येईपर्यंत डोकं फुटायची वेळ आली.

पूर्वानं सगळं ऐकून घेतलं. ती शाळेत गणित शिकवते, तिला आकड्यांचं काही नवल नाही. "म्हणजे इतकी वर्षं दुसऱ्याच्या नवऱ्याला शांत ठेवलंस तू," ती म्हणाली. "आणि घरी येऊन माझ्यावर चिडचिड केलीस. तो आकडा कुणी मोजला न्हाई वाटतं."

मला हसू आलं आणि रडूही आलं.

पुण्याहून डॉ. सानिका केळकर आल्या त्या याच आठवड्यात. मावळ सिटीच्या 'सोबत' विभागाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलणं मऊ. स्वतः गाडी चालवत कोल्हापूरला आल्या, आमच्या घरी जेवल्या, पूर्वाच्या हातचा पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला.

"शार्दूल, आम्हाला तुम्ही कीपर म्हणून हवे आहात," त्या म्हणाल्या. "बाकावर बसवायला नकोत. मोक्याच्या वेळी तुम्ही मैदानावर असाल. हवं तर करारात लिहून देते."

आणि खरंच दिलं लिहून. अट एकच. क्लब जाहीर करेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, म्हणाल्या.

त्या गेल्यावर पूर्वा म्हणाली, "कबीरला सांगून टाक. असल्या अटी दोस्ताला लागू नसतात."

"सांगतो की. परवा जाहीर करणार आहेत, उद्या रात्रीच जाऊन सांगतो."

मावळ सिटीनं दुसऱ्याच दिवशी सकाळी जाहीर करून टाकलं. मी दात घासत होतो तेव्हा फोन वाजायला सुरुवात झाली.

तसाच तालमीकडं पळालो. कबीर कट्ट्यावर बसला होता. पेठेतली सात-आठ माणसं शेजारी, मला बघून ती उठून गेली. आमच्यात पेठ सोडून जाणं म्हणजे काय असतं हे बाहेरच्याला कळायचं नाही. भांडून गेला तर चालतो, सांगून गेला तर हार घालून पाठवतात. गुपचूप गेलेल्याशी बोलत नाहीत.

"इचलकरंजीवरनं सासऱ्याचा फोन आला मला," कबीर म्हणाला. "तुमचा शार्दूल पुण्याला चालला म्हणं, आणि मी म्हणालो, अफवा हाय मामा, त्यानं मला सांगितलं असतं."

"कबऱ्या, आज रात्री येणारच होतो. त्यांची अट होती रं."

"खेळायचं असतं प्रत्येकाला, ते मला कळतंय. माझ्यामुळं तू बसलास, ते काय मला दिसत न्हाई व्हय? तू म्हणाला असतास तर मी स्वतः तुला सोडायला पुण्यापर्यंत आलो असतो." तो कट्ट्यावरनं उठला. "अट होती म्हणं. आमच्या घरात जेवताना कधी अट घातली होती का मी तुला?"

मी पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. तो सरकला. माझ्या एका शब्दावर सरकणारा कबीर, त्या दिवशी माझ्यापासून सरकला. मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुण्यात गेल्यावर पहिला महिना मी अगदी वेड्यासारखा सराव केला. दुसऱ्या महिन्यात कळलं, की त्यांचा पहिला कीपर पंजाबचा एक उंचापुरा गडी आहे आणि त्याला हलवायचा कुणाचाही विचार नाही. तिसऱ्या महिन्यात मी बाकड्यावरसुद्धा नव्हतो. वर प्रेक्षकांत, क्लबचा डगला घालून बसायचो. सरावात मात्र एक काम रोजचं होतं. सगळ्यांच्या पेनल्ट्या मीच अडवायच्या. त्यामुळं मावळ सिटीचा कुठला गडी कुठल्या कोपऱ्यात मारतो हे मला तोंडपाठ झालं.

केळकर बाईंना जाऊन विचारलं. "मॅडम, तुम्ही शब्द दिला होता."

"मोक्याच्या वेळी म्हटलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मोका अजून आलेला नाही."

"मग मला कशाला घेतलं?"

त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही हुशार आहात. कबीर सरनाईकचे यंदाचे सामने पाहताय ना?"

बघत होतो की! दर सामना बघत होतो. साधे चेंडू हातातनं सुटत होते. टीव्हीवर त्याच्या नावापुढचा आकडा सदान्‌कदा लाल. गोलमागं नवा राखीव कीपर येरझाऱ्या घालायचा, बिचारा ओरडायचाही, पण कबीर सारखा मागं वळून बघायचा. आधी कधी बघत नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मावळ सिटीनं मला घेतलंच नव्हतं, कबीरजवळनं फक्त काढलं होतं. विहिरीतनं पंप उचलून न्यावा, आणि आपल्या शेतात लावायचाही नाही, नुसता शेडमध्ये टाकून ठेवायचा, तसं.

"हे पाप आहे, मॅडम."

"सगळेच क्लब एकमेकांचा चांगला खेळाडू पळवतात. आम्ही फक्त कोणता चांगला, हे नीट मोजलं."

करार दोन वर्षांचा. मोडला तर दुसरीकडं कुठं खेळता येणार नाही. मी दात-ओठ खात बसलो. कबीरला फोन केले, उचलले नाहीत. पूर्वा कोल्हापूरला माझ्या आईकडं गेली होती, तेव्हा त्याच्या बायकोला भेटून आली. परत आल्यावर एवढंच म्हणाली, "तो तुझं नाव काढू देत न्हाई घरात."

तरी रंकाळा एफसी फायनलला पोचला. कबीर गोल खायचा, पण पुढच्या फळीतली पोरं त्याहून जास्त गोल करायची. समोर मावळ सिटी. फायनल गोव्यात. सामन्याच्या आदल्या दिवशी नावं लागली आणि बाकड्यावरच्या माणसांत माझं नाव होतं. सबंध सीझनमध्ये पहिल्यांदाच. मी पूर्वाला फोन केला तर ती किंचाळलीच.

सामना एक-एक बरोबरीत. जादा वेळही संपत आला. टायब्रेकर होणार हे स्पष्ट झालं तेव्हा मावळ सिटीच्या कोचनं बाकड्याकडं वळून बोट केलं. माझ्याकडं.

काय सांगू तुम्हाला! मी अंगावरचा डगला काढला. पेनल्ट्यांसाठी खास कीपर उतरवतात, ते मी ऐकून होतो. म्हणजे रोज सरावात अडवलेल्या पेनल्ट्या कुणीतरी बघितल्या होत्या तर! म्हणजे मी खरंच कशात तरी भारी होतो! पंजाबचा गडी बाहेर आला, त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी फायनलच्या मैदानावर पाय ठेवला. तेवढे क्षण माझे होते. ते कुणाला काढून घेता येणार नाहीत.

टायब्रेकरला दोन्ही टीम पाच-पाच पेनल्ट्या मारतात, आणि दोघांना गोल एकच असतो. एक कीपर गोलमध्ये, तेव्हा दुसरा पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्यावर रेषेवर उभा. मग अदलाबदल. दर वेळी दोघं एकमेकांशेजारनं जातात. जगात दुसऱ्या कुठल्या क्षणी दोन टीमचे कीपर एकमेकांच्या एवढ्या जवळ येत नाहीत.

मी गोलकडं चालत गेलो आणि समोरनं कबीर आला. त्यानं मला बघितलं. माझी नजर वर मोठ्या पडद्यावर गेली. त्याचे ठोके भराभर चढत होते, पायऱ्या चढल्यासारखे नाही, तापल्या तव्यावर पाणी उडावं तसे. मग मला कळलं. मला पेनल्ट्या अडवायला उतरवलंच नव्हतं. मी अडवल्या काय, न अडवल्या काय, त्यांना फरक पडत नव्हता. मला कबीरशेजारी उभं करायचं होतं. पाचदा. बाकड्याकडं बघितलं. केळकर बाई मांडीवर पडदा ठेवून बसल्या होत्या आणि माझ्याकडं बघतही नव्हत्या.

रंकाळाची पहिली पेनल्टी झाली, मी उजवीकडं झेपावलो, चेंडू डावीकडनं आत. आता कबीरची पाळी. समोरनं तो येत होता, मान खाली. आमचा पहिला गडी चेंडू ठेवत होता. हा नेहमी कीपरच्या डाव्या हाताला, खाली मारतो. महिनोन्‌महिने मी तेच अडवलं होतं. माझ्या अंगावर मावळ सिटीची जर्सी होती, फायनल होती, आणि माझ्या तोंडनं आपसूक निघालं, इतकी वर्षं निघायचं तसं.

"कबऱ्या, तुझ्या डावीकडं. खाली."

तो थबकला. माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याच्या खिशात हात घातलाय. आणि गोलमध्ये जाऊन उजवीकडं झेपावला. चेंडू डावीकडनं, खालनं आत.

आता तरी ऐकेल, असं वाटलं. पुढच्या वेळी त्याच्या जवळनं जाताना हलक्या आवाजात म्हणालो, "खरं सांगतोय रं. हा वर मारतोय, उजवीकडं." तो पुटपुटला, "एकदा खरं सांगून दुसऱ्यांदा फसवतोस व्हय," आणि डावीकडं गेला. चेंडू वर, उजवीकडनं आत. तिसऱ्या वेळी रंकाळाच्या एकानं चेंडू बारवर मारला. मी तर तेव्हा उलट दिशेला पडलो होतो. कबीर समोर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले. "तोंड बंद कर," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या, तोंड बंद कर." मी तरी सांगितलंच. कसं नको सांगू? आईशप्पथ, मला त्या चषकाचं काही पडलं नव्हतं. मला फक्त त्यानं एकदा सरकायला हवं होतं. चौथ्या वेळी तो कुठंच झेपावला नाही. जागेवर उभा राहिला. पाचव्या वेळीही तसाच. मी दर वेळी सांगत होतो, आणि चेंडू दर वेळी तिकडनंच आत जात होता.

मावळ सिटी जिंकली. मी एकही पेनल्टी अडवली नव्हती. पोरांनी मला खांद्यावर घेतलं.

खाली उतरल्यावर केळकर बाई समोर होत्या. पहिल्यांदाच हसताना बघितल्या. "अभिनंदन, शार्दूल. तुम्ही अगदी अपेक्षेप्रमाणे केलंत."

"मी एकसुद्धा अडवली नाही."

"ती अपेक्षाच नव्हती. तुम्ही त्याला बाजू सांगितलीत ना? प्रत्येक वेळी? आणि खरी?"

मी गळ्यातलं पदक काढून हातात घेतलं.

"तुम्ही सांगणार हे आम्ही धरूनच चाललो होतो," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, उलट कौतुक होतं, त्याचाच मला जास्त राग आला. "तुमचा स्वभाव आकड्यांत स्वच्छ दिसतो. आणि तो ऐकणार नाही, हेही. विश्वास तुटलेल्या माणसाला खरं सांगितलं की तो खोट्यापेक्षा जास्त गोंधळतो. म्हणून तर घोषणा एक दिवस आधी केली. नुसतं अंतर पडून भागलं नसतं. तो दुखावलेला हवा होता."

"आणि ऐकलं असतं तर त्यानं?"

"नसतं ऐकलं," त्या म्हणाल्या, आणि चषकाच्या फोटोसाठी निघून गेल्या.

मी त्या बाईला मारलं नाही. का मारलं नाही, अजून कळत नाही. एका हातात पदक घेऊन मी बोगद्यातनं आत आलो. तिथं कबीर भिंतीला टेकून उभा होता, एकटाच. हातमोजे काढून खाली टाकलेले. बाहेर रंकाळाचे लोक त्याच्या नावानं शिमगा करत होते, ते आतपर्यंत ऐकू येत होतं.

"शार्दुल्या," तो म्हणाला. सबंध वर्षात पहिल्यांदा त्यानं मला हाक मारली. "एक विचारतो. खरं सांग. तू मला मदत करत होतास का रं?"

मी पदक खिशात सरकवलं.

"पाचही वेळा तू सांगितलंस तिकडंच गेला चेंडू. मी डोकं लावून लावून थकलो. मदत करत असशील, तर..." त्यानं डोकं भिंतीला टेकवलं. "तर मग मीच घालवला की सगळा खेळ. पेठेचा चषक, सगळ्यांची वर्षभराची मेहनत, आणि तू. तू तिथं उभा राहून मला वाचवायला बघत होतास आणि मी तुला चोर समजलो. मग मी तोंड कुठं दाखवू? मला पुन्हा गोलमध्ये उभं राहता येईल का सांग?"

हा गडी अजून कितीतरी वर्षं खेळू शकला असता. हा प्रश्न घेऊन तो एक दिवससुद्धा खेळला नसता, हे कळायला मला कुठल्या यंत्राची गरज नव्हती. व्हय म्हणावं, गळ्यात पडावं, दोघांनी मिळून रडावं, असं फार वाटलं. माझा दोस्त मला परत मिळाला असता. पण तो स्वतःला कधीच परत मिळाला नसता.

"मदत?" मी म्हणालो. हसलोसुद्धा. कसं हसलो देव जाणे. "खुळा हाईस काय? खरं सांगितलं की तू उलटा जाणार, हे मला ठाऊक होतं. त्यासाठीच तर मला उतरवलं. पुण्यात वर्षभर तेवढंच शिकवलं मला."

मग त्याचे खांदे खाली आले. एक लांब श्वास सुटला.

"तरीच," तो म्हणाला. "तरीच म्हटलं, मला काय झालं होतं." त्यानं वाकून हातमोजे उचलले, त्यांच्यावरची माती झटकली आणि घडी घालून बगलेत धरले. रागानं नाही, अगदी शांतपणे म्हणाला, "कोल्हापुरात पाय ठेवू नकोस पुन्हा. तुझ्या आईला मी बघंन. तू येऊ नकोस."

"बरं," मी म्हणालो.